विमान घेण्याआधी डेक मोजा



मागच्या आठवड्यात मोलगीकडच्या एका ताईंचा फोन आला. वीस बायकांचा बचत गट आहे त्यांचा. उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, कापायच्या, वाळवायच्या आणि आमचूर व्यापाऱ्याला द्यायचा, हे वर्षानुवर्षं चालू आहे. आता त्यांना पावडर करून, पाकीट भरून, स्वतःच्या नावानं विकायची आहे. विचार एकदम बरोबर. पण पुढचं वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

"सर, कोटेशन आलंय. चोवीस लाखांचं. तासाला शंभर किलो पावडर, पॅकिंगसकट सगळं ऑटोमॅटिक. पस्तीस टक्के अनुदान मिळतं म्हणतात. सोमवारी सही करायची आहे. करू का?"

मी म्हटलं, "ताई, आठ दिवस थांबा. आधी आपण डेक मोजू."

"काय मोजू?"

तर आजचा लेख त्या "काय मोजू" चं उत्तर आहे. त्यासाठी आपल्याला अक्कलकुव्यातून थेट समुद्रावर जायचंय. थोडं लांब आहे, पण चला. परत इथेच यायचं आहे.

गोव्यातलं छोटं विमान

दोन वर्षांपूर्वी कुटुंबासोबत गोव्याला गेलो होतो. बीच बघून झाले, मग मुलाच्या हट्टापायी बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो. तिथे एक जुनं जेट ठेवलंय. नाव सी हॉक. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, हे तर छोटंसंच आहे!" खरंच, आजच्या विमानांपुढे ते लहान दिसतं. लांबी बारा मीटर, पंखही जवळपास तेवढेच. एकच पायलट, एकच इंजिन.

पण भारतीय नौदलानं विमानवाहू जहाजावरून उडवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान हेच. घरी आल्यावर मी त्याची माहिती वाचत गेलो आणि लक्षात आलं की मशीन कसं निवडायचं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी माझ्या एकाही ट्रेनिंगमध्ये दिलेलं नाही.

पहिल्या गिऱ्हाइकानं "नको" म्हटलं

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. हॉकर नावाची कंपनी. तिचे मुख्य डिझायनर सिडनी कॅम, ज्यांचं हरिकेन विमान त्या युद्धात गाजलं होतं. पंख्याच्या विमानांचे दिवस संपत आले होते, जेटचा जमाना येत होता. कॅम यांच्या टीमनं रोल्स रॉइसच्या नीन इंजिनाभोवती एक नवीन डिझाइन केलं. पी १०४० हे त्याचं कंपनीतलं नाव.

त्यात एक हुशारी होती. जेट इंजिनाचा गरम झोत साधारणपणे शेपटीतून बाहेर पडतो. इथे तो दोन भागांत वाटून, पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढला. त्यामुळे शेपटीकडचा भाग मोकळा झाला आणि तिथे इंधनाची टाकी बसली. म्हणजे एकाच बदलात जागा वाचली, पल्ला वाढला आणि वजनाचा तोलही साधला.

२ सप्टेंबर १९४७ ला हे विमान पहिल्यांदा उडालं. पण त्याच्याआधीच ब्रिटिश हवाई दलानं त्यातला रस काढून घेतला होता. त्यांच्याकडे मिटिऑर नावाचं जेट होतं आणि नवीन विमान त्याच्यापेक्षा फार काही जास्त देत नाही, असं त्यांचं मत पडलं.

आता बघा, आपल्यापैकी कितीजण इथे दुकान बंद करतात? पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकानं नाही म्हटलं की "मार्केटच नाही हो" म्हणून मोकळे. हॉकरनं तसं केलं नाही. त्यांनी हेच विमान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नेलं, म्हणजे नौदलाकडे.

पण नौदलाची गरज वेगळी. हवाई दलाकडे लांबलचक धावपट्टी असते. नौदलाकडे काय? जहाजाचं सपाट छत, त्यालाच म्हणतात डेक. तेही समुद्रात हलणारं. तिथे विमान उतरवायचं म्हणजे शेपटीखालच्या हुकानं डेकवरची आडवी तार पकडायची आणि काही सेकंदांत थांबायचं. उडवायचं म्हणजे कॅटापल्टनं गोफणीतल्या दगडासारखं फेकायचं. आणि ठेवायचं कुठे? डेकखालच्या तळघरात, जिथे इंच इंच जागेचा हिशोब.

म्हणून हॉकरनं विमान डेकच्या मापाचं केलं. हुक लावला. कॅटापल्टला जोडायची सोय केली. पंख दुमडणारे केले. पंख पसरले तर रुंदी जवळपास बारा मीटर, दुमडले तर फक्त चार! ३ सप्टेंबर १९४८ ला हे नौदलाचं रूप उडालं आणि १९४९ मध्ये दीडशेहून जास्त विमानांची ऑर्डर मिळाली. १९५३ मध्ये सी हॉक ब्रिटिश नौदलात दाखल झालं.

फायटरचं फायटर बॉम्बर कसं झालं

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सी हॉक पहिल्या दिवशी "परिपूर्ण" नव्हतं. पहिलं मॉडेल साधं फायटर होतं, नाकात वीस मिलिमीटरच्या चार तोफा. दुसऱ्या मॉडेलमध्ये कंट्रोल सुधारले. तिसऱ्यात पंख मजबूत केले, म्हणजे खाली बॉम्ब टांगता येतील. इथे ते फायटर बॉम्बर झालं. पुढच्या मॉडेलमध्ये जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायची क्षमता वाढवली, सहाव्यापर्यंत इंजिनही जास्त ताकदीचं आलं.

आणि हॉकरनं ही सगळी विमानं स्वतः बनवलीच नाहीत. सुरुवातीची काही केली आणि मग काम आपल्याच ग्रुपमधल्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ या कंपनीकडे दिलं, कारण हॉकरला हंटर या पुढच्या विमानाकडे लक्ष द्यायचं होतं. "सगळं माझ्याच शेडमध्ये झालं पाहिजे" हा हट्ट नाही. वापरणाऱ्याची गरज जसजशी कळली, तसतसं विमान वाढवत नेलं. आपल्याकडे उलटं. पहिल्याच दिवशी सहावं मॉडेल पाहिजे, आणि तेही कर्जावर.

भारतानं काय घेतलं?

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५७ मध्ये भारतानं ब्रिटनकडून एक अर्धवट जहाज विकत घेतलं. त्याचं नाव हर्क्युलिस. १९४५ ला ते पाण्यात उतरलं होतं, पण महायुद्ध संपलं आणि काम थांबलं. बारा वर्षांनी भारतानं ते घेतलं आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतलं. नुसतं पूर्ण नाही, त्यात नवीन काळाच्या सोयी बसवल्या. जेट विमानांसाठी तिरका डेक आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट. ४ मार्च १९६१ ला ते भारतीय नौदलात सामील झालं. नाव ठेवलं विक्रांत.

विक्रांतची लांबी साधारण २१३ मीटर. ऐकायला मोठी वाटते, पण विमानवाहू जहाजांमध्ये ती छोट्या गटातली. त्या वेळी ब्रिटिश नौदलात सी हॉकच्या पुढची विमानं आली होती, सिमिटार आणि सी व्हिक्सन. दोन इंजिनांची, ताकदवान आणि सी हॉकच्या दुपटीहून जास्त वजनाची. ब्रिटिशांनी तर १९६० पर्यंत सी हॉक आपल्या आघाडीच्या तुकड्यांमधून काढूनच टाकलं होतं.

आणि भारतानं घेतलं सी हॉक! काही कोरी, काही ब्रिटिश नौदलानं वापरलेली, दुरुस्त करून. एखादा म्हणाला असता, "अहो, त्यांनी सोडलेलं मशीन तुम्ही कशाला घेताय?" पण प्रश्न सगळ्यात नवीन विमान कोणतं, हा नव्हताच. आपल्या डेकवर कोणतं विमान रोज उतरेल आणि रोज उडेल, हा होता. विक्रांतच्या मापाला सी हॉक बसत होतं.

१८ मे १९६१ ला विक्रांतवर पहिलं जेट उतरलं. पायलट होते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विक्रांत मुंबईला आली.

खरी परीक्षा झाली दहा वर्षांनी. १९७१ चं युद्ध. तोवर सी हॉक जुनं झालं होतं, आणि विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, म्हणजे जहाजाचा वेग कमी. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबरला आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. पुढच्या दिवसांत चितगावसह त्या भागातली बंदरं आणि जहाजं लक्ष्य झाली. पूर्व पाकिस्तानचा समुद्राचा रस्ता बंद करण्यात या जुन्या, छोट्या विमानांचा मोठा वाटा होता. विक्रांतच्या माणसांना त्या युद्धात दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली.

डेकवर न बसणारं सगळ्यात भारी विमान त्या दिवशी काय कामाचं होतं? किनाऱ्यावर उभं राहिलं असतं, इतकंच.

दुसरी बाजूही सांगतो

मी काही "जुनंच मशीन घ्या" असा सल्ला देत नाहीये. जुन्या मशीनची दुसरी किंमत असते. सी हॉकचं उत्पादन बंद झालं, तशी विमानांची संख्या टिकवणं अवघड होत गेलं. मग जर्मनीच्या नौदलानं बाजूला काढलेली २८ सी हॉक भारतानं घेतली. १९८३ मध्ये सी हॅरियर येईपर्यंत नौदलाला हे विमान सांभाळत बसावं लागलं. दुसऱ्या कुणाकडे जे चालत नाही, त्याचे पार्ट मिळवणं म्हणजे डोकेदुखी. सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनो, हे वाक्य लिहून ठेवा.

म्हणजे माझा मुद्दा नवीन की जुनं हा नाहीच. मुद्दा मापाचा आहे. हॉकर जिंकली कारण तिनं गिऱ्हाइकाच्या डेकप्रमाणे विमान बनवलं. विक्रांतचं काम झालं कारण आपल्या डेकप्रमाणे विमान घेतलं. विकणारा असो की घेणारा, डेक आधी, विमान नंतर.

माझा डेक मी मोजला नव्हता

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बारा वर्षांपूर्वी मी मिरची पावडरचा धंदा काढला होता. नंदुरबारची मिरची म्हटल्यावर मार्केट तयारच आहे, असं वाटलं. एका मशीनवाल्यानं मोठं पल्व्हरायझर दाखवलं, "पाच वर्षांनी छोटं पडेल, आत्ताच मोठं घ्या" म्हणाला. घेतलं. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, बाकी कर्ज.

शेडमध्ये मशीन बसवलं, तर व्होल्टेज पुरेना. मोटर दोनदा जळाली. मशीनला लागायचा दिवसाला चार-पाच क्विंटल माल, माझ्याकडे भांडवल एका क्विंटलचं. मशीन चालू केलं की दुपारपर्यंत माल संपायचा आणि मी मशीनकडे बघत बसायचो. हप्ता मात्र कधी बसला नाही, तो महिन्याच्या महिन्याला उभा. अडीच वर्षांनी मशीन अर्ध्याहून कमी किमतीत विकलं. पाटल्या सोडवायला आणखी दोन वर्षं लागली. आई एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मशीन वाईट नव्हतं. माझ्या डेकवर ते उतरू शकत नव्हतं, एवढंच.

चला, ताईंचा डेक मोजू

आता वही काढा. ताईंसोबत फोनवर जो हिशोब केला, तोच इथे देतोय. तुमचे आकडे घालून बघा.

१) माल. वीस बायका, रोज प्रत्येकी दोन किलो सुका आमचूर. म्हणजे दिवसाला ४० किलो. सिझन ४५ दिवसांचा धरला. एकूण १८०० किलो.

२) मशीन. तासाला १०० किलो, आठ तास चालवलं तर दिवसाला ८०० किलो. अठराशेला आठशेनं भागा. सव्वादोन दिवस! चोवीस लाखांचं मशीन वर्षात सव्वादोन दिवस चालणार. हे ऐकून ताई फोनवर काही वेळ बोलल्याच नाहीत.

३) हप्ता. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, म्हणजे २४ लाखांवर ८ लाख ४० हजार. स्वतःचे दहा टक्के, २ लाख ४० हजार. उरले १३ लाख २० हजार. व्याज १२ टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली, तर हप्ता महिन्याला साधारण २९ हजार. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. १८०० किलोवर वाटा. एका किलोमागे १९० रुपयांच्या वर फक्त हप्ता! कैरी, मजुरी, वीज, पाकीट, गाडीभाडं अजून धरलेलंच नाही.

४) वीज. थ्री फेज लाइन शेडपर्यंत आहे का? डोंगराकडच्या पाड्यात दुपारी व्होल्टेज किती असतं? कागदावर नको, आठ दिवस रोज मीटर लावून बघा.

५) गिऱ्हाईक. पावडर कोण घेणार? अक्कलकुवा, तळोद्याची किराणा दुकानं, फरसाणवाले, हायवेवरचे धाबे, पलीकडे गुजरातमधले मसालेवाले. त्यातल्या किती जणांनी सॅम्पल चाखून "पुढच्या महिन्यात दहा किलो द्या" म्हटलंय? नुसतं "छान आहे" ही ऑर्डर नसते.

आता दुसरं गणित बघा. तासाला १५ किलो दळणारी छोटी गिरणी. १८०० किलोला १२० तास. रोज चार तास चालवली तर तीस दिवसांचं काम. आमचूर नीट वाळवून कोरडा ठेवला तर सगळा एकदम दळायचीही गरज नाही, ऑर्डर येईल तसा दळा. उरलेल्या महिन्यांत हळद दळता येईल, फक्त मधे गिरणी नीट साफ करायची, नाहीतर आमचूर पिवळा निघेल. आणि एक बदल मागून घ्यायचा. आमचूर आंबट असतो, साध्या लोखंडाला लागला की गंज आणि काळपटपणा येतो. म्हणून माल लागतो तो सगळा भाग स्टेनलेस स्टीलचा. हा झाला तुमच्या विमानाचा हुक. मशीन छोटं असलं तरी चालेल, पण हुकाशिवाय घेऊ नका.

गिरणी पुरेनाशी झाली, गिऱ्हाईक थांबायला लागलं, की मग दुसरं मॉडेल, तिसरं मॉडेल. तेव्हा अनुदान घ्या, बिनधास्त घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण अनुदान हे डेक मोजण्याचं माप नाही. ३५ टक्के सरकार देतं, उरलेले ६५ टक्के तुमच्याच घरातून जातात. "सबसिडी आहे म्हणून मोठं घ्या" सांगणारा माणूस बहुतेक वेळा मशीन विकणारा असतो. हप्ता भरायला तो येत नाही.

शेवटचं

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली तेव्हा खूप जणांना वाईट वाटलं. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजनं घेतला आणि २०१६ मध्ये त्यापासून व्ही नावाची मोटरसायकल काढली. आपल्या तालुक्यातही कुणाकुणाकडे ती असेल. कधी दिसली तर डेक आठवा.

आणि ताईंचं काय झालं? सोमवारी सही झाली नाही. कोटेशनवाल्याचे तीन फोन येऊन गेले, "ऑफर संपेल" म्हणून. ताईंनी त्याला सांगितलं, "भाऊ, आमची मोजणी चालू आहे." गटातल्या दोन बायका नाराज आहेत, त्यांना मोठं मशीनच पाहिजे होतं. त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर आपण छोटंच करायचं का? प्रश्न खरा आहे आणि मला तो टोचला. त्याचं माझं उत्तर एवढंच: छोटंच करायचं नाही, पण आपला माल, आपली वीज, आपलं गिऱ्हाईक वाढवत डेक मोठा करायचा. मोठं विमान मग आपोआप उतरतं. गटाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. निर्णय त्यांचा, कर्ज त्यांच्या नावावर आहे.

तुमच्याकडे कोटेशन आलं असेल तर त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे पाच आकडे लिहा: माल, मशीनचे दिवस, किलोमागे हप्ता, वीज, पक्की गिऱ्हाइकं. आणि कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले तीन हिशोब आपण फळ्यावर सोडवू. आकडे खरे टाका हं. मला फसवून काही फायदा नाही, हप्ता तुम्हालाच भरायचाय.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत सही थांबवा, वही उघडा.